लघवीतून रक्त: साडेतीन महिने जे मी अंगावर काढलं

रविवार होता, २८ जुलै २०२४. पाऊस लागून राहिला होता. अशा दिवसांत सांगलीत सकाळी उठल्या उठल्या माणूस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मीही मोबाईलवर तेच बघत बाथरूमला गेले, आणि उठताना खाली नजर गेली तर कमोडमधलं पाणी लाल. कुंकू कालवल्यासारखं.

दुखलं काहीच नव्हतं. जळजळ नाही, कळ नाही, ताप नाही. माझं वय तेव्हा ५३, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. पहिला विचार आला, पाळी परत आली की काय. पण कपड्यांना डाग नव्हता. मग आठवलं, आदल्या रात्री बिटाची कोशिंबीर केली होती. जीव भांड्यात पडला. दुपारी पुन्हा थोडी लालसर झाली तेव्हा सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली असंल. धनं-जिरं भिजत घाल, सकाळी पी." मी भिजत घातलं, सकाळी प्यायले. सोमवारी संध्याकाळपर्यंत लघवी स्वच्छ झाली आणि विषय संपला, असं मी धरून चालले.

पुढे हे सगळं ज्या वाटेने गेलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. मला त्या वेळी असं कुणाचं तरी वाचायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं. मी डॉक्टर नाही, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. जे डॉक्टरांनी समजावून सांगितलं आणि जे अंगावरून गेलं तेवढंच लिहिते.

बिटाबद्दल आधी सांगून टाकते. बीट खाऊन काही जणांची लघवी खरंच लाल होते, सगळ्यांची होत नाही. क्षयाच्या एका गोळीनेही नारिंगी-लाल होते. पण तशी लघवी तपासली तर तिच्यात रक्तपेशी दिसत नाहीत, नुसता रंग असतो. म्हणजे बीट की रक्त हा प्रश्न लॅबमधल्या साध्या तपासणीने त्याच दिवशी सुटला असता. आमच्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये तिला १५० रुपये पडतात. मी तो अंदाजाने सोडवला.

दुसऱ्यांदा झालं ते २७ सप्टेंबरला, शुक्रवारी. गणपती होऊन दहा दिवस झाले होते. या वेळी बीट नव्हतं. दोन दिवस लाल, तिसऱ्या दिवशी फिकट. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखाना लहान, पडद्याच्या अलीकडे चार-पाच माणसं बसलेली, त्यांतले दोघे आमच्या पतसंस्थेचे सभासद. त्यांना ऐकू जाईल म्हणून मी डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "लघवीचा त्रास आहे जरा." रक्त हा शब्द तोंडातून निघाला नाही. त्यांनी लघवी तपासायला सांगितली. रिपोर्टवर लाल पेशींपुढे 'प्लेंटी' आणि पू-पेशींपुढे '२ ते ३' असं लिहिलं होतं. इन्फेक्शन समजून त्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या तेव्हा लघवी स्वच्छ होती. मला वाटलं, गोळ्यांनी बरं वाटलं. रिपोर्ट लाइटबिलांच्या खणात गेला.

आता त्या रिपोर्टकडे बघितलं की कळतं, तो काय सांगत होता. इन्फेक्शन असतं तर पू-पेशी वाढलेल्या दिसल्या असत्या. रक्त भरपूर आणि पू जवळजवळ नाही, तर मग इन्फेक्शन कशावरून? लघवी कल्चरला, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ते बघायला, टाकायला हवी होती, आणि गोळ्या संपल्यावर काही दिवसांनी रक्त खरंच गेलं का हे पुन्हा तपासायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. मीही परत फिरकले नाही. ते रक्त गोळ्यांनी थांबलं नव्हतं. जुलैत धने-जिऱ्याने जसं थांबलं तसंच, आपलं आपण थांबलं होतं.

तिसरी खेप १२ नोव्हेंबरची. मंगळवार, कार्तिकी एकादशी. तुळशीच्या लग्नाची तयारी चाललेली, ऊस आणून कोपऱ्यात उभा केलेला. सकाळी लघवीला गेले तेव्हा रंग कोकमाच्या सरबतासारखा गडद होता आणि आत एक गुठळी, डाळिंबाच्या दाण्याएवढी. तिच्यामागे आणखी दोन, बारीक. मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. मग काय सुचलं माहीत नाही, बाहेर जाऊन मोबाईल आणला आणि फोटो काढला. पुढच्या महिनाभरात जेवढे कागद मी जमवले त्यांत हा फोटो सगळ्यात उपयोगी पडला. लघवीत रक्त दिसलं तर किळस न करता उजेडात फोटो काढा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत ती स्वच्छ झालेली असते, आणि 'लाल होती' या शब्दात गुलाबीपासून काळपटापर्यंत सगळं येतं.

त्या रात्री यांना सांगितलं. हे मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कामाला आहेत, घरी येतात तेव्हा बाह्यांना हळदीचा वास असतो. फोटो बघून बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "कधीपासून?" मी जुलै म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. रागावले नाहीत. "उद्या रजा टाक," एवढंच म्हणाले.

१३ नोव्हेंबरला आम्ही सांगलीतल्याच एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. कारण रक्त नेमकं लघवीतूनच येतंय की अंगावरून जातंय हीच माझी खात्री होत नव्हती. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाणं हेही दुर्लक्ष करण्यासारखं नसतं, त्याची वेगळी तपासणी लागते, हे त्यांनी तिथेच सांगितलं. त्यांनी तपासलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी, योनीमार्गात रक्ताचा मागमूस नव्हता. म्हणाल्या, "हे माझ्या बाजूचं नाही, लघवीच्या बाजूचं आहे. आणि उशीर करू नका." बायकांच्या बाबतीत हा उशीर वरचेवर होतो असं त्या म्हणाल्या. पाळी चालू असेल तर पाळीचं समजून, गेली असेल तर इन्फेक्शन समजून गोळ्यांवर गोळ्या दिल्या जातात आणि मूळ कारण मागे पडतं. मी मान खाली घालून ऐकलं.

त्यांनी लघवीची साधी तपासणी, कल्चर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी लिहून दिली. कल्चरचा नमुना द्यायची एक पद्धत आहे, ती लॅबमधल्या मुलीने नीट समजावली. आधी साध्या पाण्याने स्वच्छ धुवायचं, सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली धार त्यांनी दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यायची, डबीच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि तासाभरात लॅबमध्ये पोचवायचं. अँटिबायोटिक चालू असेल तर आधी सांगायचं, नाहीतर जंतू असूनही वाढत नाहीत. कल्चरचे ६०० रुपये झाले. रिपोर्टला दोन दिवस लागतात. शुक्रवारी १५ तारखेला आला, वाढ नाही. म्हणजे इन्फेक्शन नाही. दुसरं कुणी असतं तर खूश झालं असतं, मला धडकी भरली.

शनिवारी सोनोग्राफी. जायच्या आधी तासभर लिटरभर पाणी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, भरलेली असली तरच तिच्या भिंती नीट दिसतात. माझ्यापुढे सात जणी होत्या. एक टीप देते: पोचल्यावर आपला नंबर किती वाजता येईल हे आधी विचारा आणि मग पाणी प्या. मी घरूनच पिऊन निघाले होते, शेवटची वीस मिनिटं उभी राहून काढली. आत डॉक्टर आधी बोलत होते, कुठून आलात, मुलं किती. मग डाव्या बाजूला यंत्र फिरवताना बोलणं थांबलं. तीच जागा ते पुन्हा पुन्हा बघत राहिले. नंतर हळूच विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?" लघवी करून यायला सांगितलं, पिशवीत किती उरते ते मोजलं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, दोन्ही मूत्रपिंडं ठीक, खडा नाही, मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर १४ मिलिमीटरची वाढ.

चौदा मिलिमीटर म्हणजे केवढं, ते मी घरी येऊन माझ्या मापाच्या टेपवर बघितलं. शर्टाच्या बटणाएवढं.

सोमवारी १८ तारखेला मिरजेला गेलो. मिरज आमच्यासाठी जुळं शहर, सिटी बसने अर्ध्या तासात पोचतो. १८९४ पासून, डॉ. वॉन्लेस यांनी तिथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून, मिरज दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कर्नाटकातून माणसं येतात, वेटिंगच्या बाकावर मराठीइतकीच कन्नड ऐकू येते. मूत्ररोगतज्ज्ञांकडे आमचा नंबर ३१ होता. साडेदहाला बसलो ते पावणेतीनला आत गेलो.

त्या चार तासांत बाकावर जे ऐकलं ते तपासणीइतकंच मोलाचं होतं. जतकडचे एक शेतकरी होते, त्यांच्याही लघवीतून रक्त गेलं होतं, पण कुशीतून जांघेपर्यंत अशी कळ आली होती की रात्री गाडी करून आणावं लागलं. खडा होता. "दुखलं म्हणून तर आलो," ते म्हणाले, "न्हाईतर कोण येतंय." तासगावजवळचे एक आजोबा व्हीलचेअरवर होते. त्यांच्या लघवीतून गुठळ्या जात होत्या, आदल्या रात्री एक गुठळी अडकली आणि लघवीच बंद झाली. पोट फुगलं, जीव घाबरा झाला, पहाटे तीनला नळी घालून पिशवी धुवावी लागली. त्यांची सून सांगत होती, आठवडाभर रक्त जात होतं, बोललेच नाहीत. एका बाईंचा नातू शेजारच्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे दाखवायला आणला होता. घसा दुखून गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याची लघवी कोकाकोलासारखी झाली, सकाळी डोळ्यांभोवती सूज. चौघांचंही एकच लक्षण आणि आजार चार वेगळे.

आत गेल्यावर डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि आधी प्रश्न विचारले. रक्त धारेच्या सुरुवातीला येतं, शेवटी येतं, की पूर्ण धारच लाल? पूर्ण धार. गुठळ्या? मी फोटो दाखवला. तो त्यांनी मोठा करून नीट बघितला. दुखतं? नाही. वजन कमी झालंय? नाही. तंबाखू, मिश्री, विडी, सिगारेट? कधीच नाही. रंगाच्या कारखान्यात काम? नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या? नाही. शेवटच्या प्रश्नावर ते थांबून म्हणाले, की हृदयाच्या पेशंटना अशा गोळ्या चालू असतात आणि घरची माणसं म्हणतात गोळीने रक्त गेलं असेल. तरी तपासावंच लागतं, गोळी फक्त आत जे आहे ते लवकर उघडं पाडते.

मग कागदावर चित्र काढून समजावलं. रक्त मूत्रपिंडापासून बाहेर पडायच्या वाटेपर्यंत कुठूनही येऊ शकतं. सुरुवातीलाच येऊन मग धार साफ झाली तर बहुधा बाहेरच्या नळीतलं, शेवटी आलं तर पिशवीच्या तोंडाजवळचं, पूर्ण धार लाल असेल तर पिशवीतलं किंवा त्याच्या वरचं. लघवी कोलासारखी, फेसाळ, अंगाला सूज, बीपी वाढलेलं असेल तर मूत्रपिंडाच्या गाळणीला सूज असते, त्याचे डॉक्टर वेगळे. जळजळ, वारंवार लागणं, ताप असेल तर इन्फेक्शन. पुरुषांत वयोमानाने प्रोस्टेट वाढल्यानेही रक्त जातं. एक मिलिलिटर रक्तसुद्धा लिटरभर लघवीला रंग आणतं, तेव्हा रंग बघून किती रक्त गेलं याचा अंदाज बांधू नये आणि भलतं घाबरूही नये. पण न दुखता गेलेलं रक्त, तेही माझ्या वयात, एकदाच गेलं असलं तरी तपासायचंच.

मी विचारलं, "पण डॉक्टर, थांबत होतं की." ते म्हणाले, "पिशवीतली गाठ रोज रक्त देत नाही. मधूनच देते. थांबतं तेव्हा गाठ तिथेच असते." हे वाक्य मी त्यांच्याच चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं. फाईलमध्ये अजून आहे.

'कॅन्सर' हा शब्द मीच उच्चारला. त्यांनी टाळलं नाही. अशी वाढ बऱ्याचदा तीच असते म्हणाले, पण कुठल्या दर्जाची आणि किती खोल हे काढून तपासल्याशिवाय सांगता येत नाही, आणि वरवरची असेल तर दुर्बिणीतून काढता येते, पोट फाडावं लागत नाही. बाहेर आल्यावर हे औषधाच्या दुकानाशी उभे राहिले आणि काय घ्यायचं तेच विसरले. बसमध्ये आम्ही दोघं बोललो नाही. विजयनगर आलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. पंचवीस वर्षांत बसमध्ये कधी धरला नव्हता.

२० तारखेला विधानसभेचं मतदान, सगळं बंद. आम्ही मत देऊन आलो. २१ ला सीटी स्कॅन, शिरेतून औषध देऊन. त्यासाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट लागतो, कारण ते औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. चार तास उपाशी जायचं, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आणि पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर आधी सांगायचं. औषध गेलं की घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट येते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. खर्च ६,५०० रुपये. सोनोग्राफीत वरच्या नळ्यांमधलं आणि अगदी चपटं काही सुटू शकतं, म्हणून हा स्कॅन. त्यात वरचा मार्ग स्वच्छ निघाला. तीन दिवस लघवी पेशींच्या तपासणीलाही दिली. ही सकाळची पहिली नको, दुसरी लागते, कारण रात्रभर पिशवीत राहिलेल्या पेशी खराब झालेल्या असतात. ती निगेटिव्ह आली. मला उगाच आशा वाटली, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सौम्य गाठीच्या पेशी त्यात बऱ्याचदा सापडत नाहीत, त्यावर विसंबायचं नाही.

आता पैशांचं. ऑपरेशनचा खर्च ऐकून आम्ही महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी केली. योजनेतल्या रुग्णालयात दाराजवळच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, तिथूनच सुरुवात करायची. आमच्याकडे केशरी रेशनकार्ड. ते ऑनलाइन असावं लागतं, त्याचा बारा अंकी नंबर लागतो. आमचा नंबर निघाला, पण रेशनकार्डावर आणि आधारवर माझ्या नावात एका अक्षराचा फरक. मग पुरवठा विभागात दुरुस्तीचा अर्ज, आधारची झेरॉक्स, लग्नाचा दाखला, दोन फोटो. दोन दिवस त्यात गेले. पुण्याहून मुलगी आली होती, तिने रांगेत उभं राहून ते केलं. हे लिहायचं कारण एवढंच, की घरात सगळे धडधाकट असताना एकदा सगळ्यांची नावं दोन्ही कागदांवर जुळवून बघा. दवाखान्याच्या दारात उभं राहून अक्षरं दुरुस्त करणं फार जड जातं. कागद जुळल्यावर रुग्णालयाने मंजुरीला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. ऑपरेशन, खाट, औषधं, जेवण, गाठीची तपासणी यांचे पैसे पडले नाहीत. त्याआधीच्या तपासण्या आणि फी मिळून आमचे साधारण अकरा हजार गेले होते.

२८ नोव्हेंबरला भरती झाले, २९ ला शुक्रवारी ऑपरेशन. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली. पाय जड होत होत नाहीसे झाल्यासारखे झाले, पण मी जागी होते. पडदा माझ्या उजव्या हाताला होता. बघायचं का, म्हणून डॉक्टरांनी विचारलं, मी हो म्हटलं. आत सगळं पाण्याने भरलेलं, गुलाबीसर भिंती, त्यांवर केसांएवढ्या बारीक रक्तवाहिन्या. आणि एका कोपऱ्यात ती. विहिरीच्या कडेला शेवाळाचा तुरा पाण्यात झुलतो तशी, देठावर, हलणारी. मला ती अक्राळविक्राळ वाटेल असं वाटलं होतं, तशी नव्हती. तारेच्या कडीने त्यांनी ती थर थर करून कापली, तुकडे पाण्याबरोबर बाहेर आले, खालचा थोडा स्नायूचा भागही वेगळा घेतला. तो भाग महत्त्वाचा, कारण गाठ स्नायूत उतरली आहे का ते त्यातूनच कळतं. सगळं मिळून पाऊण तास.

नंतर तीन तोंडांची नळी होती. एकीकडून सलाईनचं पाणी आत, दुसरीकडून बाहेर टांगलेल्या पिशवीत. बाहेरच्या पाण्याचा रंग हेच आमचं घड्याळ झालं. संध्याकाळी लाल, रात्री गुलाबी, पहाटे लिंबू सरबतासारखा. हे दर तासाला पिशवीतलं पाणी मोजून वहीत लिहीत होते, हळदीच्या पोत्यांचं वजन लिहितात तसं, तारीख-वेळ घालून. ऑपरेशनच्याच संध्याकाळी नळीतून मूत्राशयात एक औषध सोडून तासभर धरून ठेवलं, सुटलेल्या पेशी पुन्हा रुजू नयेत म्हणून. ते सगळ्यांना देत नाहीत, रक्तस्राव फार असेल तर टाळतात. रविवारी नळी काढली. पहिली लघवी तिखट लागल्यासारखी जळली, दोन दिवसांत ते कमी झालं.

सोमवारी घरी. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी, जड उचलायचं नाही, बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. दोनेक आठवड्यांनी आतली खपली पडते तेव्हा पुन्हा जरा लाल दिसेल, घाबरू नका, असं सांगून ठेवलं होतं. १४ डिसेंबरला तसंच झालं. सांगितलेलं नसतं तर मी रात्रीच मिरज गाठली असती. मात्र गुठळ्या येऊन लघवी अडली, थंडी वाजून ताप आला, रक्त दाट होत गेलं किंवा चक्कर आली तर वेळ न बघता यायचं. तासगावच्या आजोबांमुळे हे मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

गाठीच्या रिपोर्टला दहा दिवस. ते दहा दिवस मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले. सासूबाईंना फक्त 'गाठ काढली' एवढं माहीत होतं. त्या रोज सकाळी तुळशीपुढे थांबायच्या, नेहमीपेक्षा जास्त वेळ. एकदा म्हणाल्या, "मीच तुला धनं-जिरं प्यायला लावलं." मला रडू आलं. त्यांचा काय दोष, त्यांच्या आईने त्यांना हेच सांगितलं होतं. उष्णतेने जळजळ झाली तर धने-जिरे प्यावेत की, पण रक्त दिसलं तर ते तपासायच्या जागी नकोत.

९ डिसेंबरला रिपोर्ट मिळाला. कॅन्सर, पण सौम्य दर्जाचा, वरच्या अस्तरापुरता. स्नायूचा भाग नमुन्यात होता आणि त्यात गाठ पोचलेली नव्हती. एकच गाठ, लहान, पहिल्यांदाच. म्हणून मला पुढे काही औषध लागलं नाही. दर्जा तीव्र असता तर क्षयाच्या लशीचं औषध आठवड्याला एकदा मूत्राशयात सोडतात, ते सहा आठवडे करावं लागलं असतं. मी कारण विचारलं. विडी-सिगारेट हे या आजाराचं सगळ्यात मोठं कारण, पण न ओढणाऱ्यांनाही होतो आणि प्रत्येक वेळी कारण सापडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

ही गाठ परत येण्याची खोड असते. म्हणून तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासणी, मग ऑपरेशनला वर्ष झाल्यावर, आणि पुढेही. ३ मार्च २०२५ ची तपासणी वाकणाऱ्या बारीक दुर्बिणीने झाली. भूल नाही, फक्त जेली. आत जाताना श्वास सोडत राहायचा आणि पायाची बोटं हलवत राहायची, नर्सबाईंनी सांगितलेली ही युक्ती खरंच उपयोगी पडते. पाच मिनिटं लागली. जुन्या जागी पांढुरका व्रण, बाकी स्वच्छ. ८ डिसेंबर २०२५ लाही स्वच्छ. पुढची तारीख फाईलवर लिहिली आहे.

मधल्या काळात, जूनमध्ये, धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "ताई, मला लाल झालीय. जळजळ पण आहे. कुणाला बोलू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही दोघी लॅबच्या पायरीवर होतो. पू-पेशी भरपूर, कल्चरमध्ये जंतू वाढले, कुठली गोळी लागू पडेल तेही रिपोर्टमध्ये आलं. पाच दिवसांच्या गोळ्या झाल्या, जळजळ थांबली. त्या म्हणाल्या, बरं झालं, संपलं. मी म्हटलं, अजून एक फेरी आहे. गोळ्या संपल्यावर दोन आठवड्यांनी त्यांना पुन्हा घेऊन गेले. दीडशे रुपये. रिपोर्ट दुपारी मोबाईलवर आला, लाल पेशींपुढे 'नाही' असं होतं. तो त्यांनी मला पाठवला आणि मी प्रिंट काढून त्यांच्या हातात दिला, खणात टाकू नका म्हणून.